धुळ्याहून निघालेलं खापर

जळगाव स्टेशनात गाडी शिरली तेव्हा नुकतं उजाडत होतं. डब्याच्या दारात उभी राहून मी फलाट बघत होते. केळीच्या पानांत गुंडाळलेले घड, गोणपाटांची थप्पी, चहाच्या किटल्या, थंडीमुळे कान बांधलेली माणसं. मागून एक हमाल आला आणि म्हणाला, "सरक ना वं माय, कितली येळ उभी ऱ्हासी?" (किती वेळ उभी राहशील?) सरकायचं सोडून मी हसतच उभी राहिले. गेल्या कित्येक वर्षांत मला कुणी 'सरक' म्हटलं नव्हतं.

आम्ही केनियात राहतो, पश्चिमेकडे, व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला. माझे यजमान तिथल्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर आहेत. मी वसाहतीतल्या लहान मुलांना शिकवते. चोहीकडे ऊस, तांबडी माती, आणि मराठी म्हणावीत अशी मोजकी घरं. लोक चांगले आहेत, फार अदबीने वागतात. वाट हवी असेल तर समोरचा माणूस आपण बाजूला होईपर्यंत शांतपणे थांबतो. त्या अदबीत राहून राहून हमालाचं ते 'सरक' मला आपल्या माणसाने हाक मारावी तसं वाटलं.

माझा धाकटा भाऊ सुधाकर स्कूटर घेऊन आला होता. पायांपाशी एक पेटी, माझ्या मांडीवर दुसरी, अशी आमची वरात पिंप्राळ्याकडे निघाली. रेल्वेचं फाटक बंद होतं. फाटकापाशी सायकली, रिक्षा, दुधाचे कॅन लावलेल्या मोटारसायकली, सगळे थांबलेले, गाड्यांची इंजिनं चालूच. सुधाकर वैतागला. "ताई, दर वेळी हे असंच," तो म्हणाला. मला मात्र घाई नव्हती. मालगाडी संथपणे जात होती आणि पलीकडच्या विहारातून सकाळची वंदना ऐकू येत होती. लहानपणी ती ऐकत मी शाळेची वेणी घालून घ्यायची.

पहिले काही दिवस असेच गेले. मी सगळ्या फालतू गोष्टींना हसत होते आणि वहिनी माझ्याकडे काळजीने बघत होती. वाण्याने साखरेची पुडी बांधून सुतळी दाताने तोडली, मी हसले. इस्त्रीवाल्याने चादरीच्या गाठोड्यातून दुसऱ्याच कुणाची पँट काढून दिली, मी हसले. दारावर भाजीवाली आली आणि टोपली उतरवायच्या आधी तिने विचारलं, "कोनी आंडेर शे वं तू?" (कुणाची मुलगी गं तू?) मी वडिलांचं नाव सांगितलं. तिने मान डोलावली आणि मूठभर कोथिंबीर जास्त टाकली. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिकडे मला कुणीही त्यांच्या नावाने ओळखत नाही, ओळखायचं कारणही नाही. ती गेल्यावर मी कोथिंबीर निवडत बराच वेळ ओट्यावर बसून राहिले.

त्या रात्री जेवताना सुधाकरने विचारलं, "परत जाताना काय काय न्यायचंय?"

वसाहतीतल्या प्रत्येकाने काहीतरी सांगितलं होतं. कुणाला बिबड्या (ज्वारीचे पापड) हव्या होत्या, कुणाला तिथीवार असलेलं कॅलेंडर. आमच्या फिटरकाकांना फक्त जळगावचं एखादं जुनं वर्तमानपत्र हवं होतं, कुठल्याही तारखेचं. पण माझ्या मनात होत्या त्या सुमनअक्का, आणि त्यांनी काहीच मागितलं नव्हतं.

सुमनअक्का आमच्या शेजारच्या. धुळ्याकडच्या. त्यांचा मुलगा शरद कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे. नोकरी पक्की झाल्यावर त्याने आईवडिलांना तिकडे बोलावून घेतलं. आदल्या वर्षी वडील अचानक गेले. तिथेच दहन झालं, तिथल्याच नदीत अस्थी सोडल्या. त्यानंतर अक्का जेवत होत्या, अंघोळ करत होत्या, सुनेला भाजी चिरून देत होत्या, पण बोलणं जवळजवळ थांबलं होतं. डॉक्टर म्हणाले, दुखणं काही नाही. मी निघायच्या आदल्या दिवशी शरद आला आणि चप्पल न काढताच दारात उभा राहून म्हणाला, "ताई, धुळ्याला जाणं झालं तर आमच्या गावी जाऊन या. माझी मावशी आहे तिथे. आईसाठी काहीतरी आणा. काय, ते मला सांगता येत नाही. बघून तिने एकदा हसावं, एवढंच." मग तो म्हणाला, "मावशी नीट बोलेल असं नाही. आम्ही निघालो तेव्हा ती एसटी स्टँडवरसुद्धा आली नव्हती."

त्या दोघी सख्ख्या बहिणी, एकाच गावात, एकाच गल्लीत दिलेल्या. सगळा संसार समोरासमोर झाला. अक्का म्हातारपणी देश सोडून जाणार म्हटल्यावर थोरलीने, म्हणजे मावशीने, त्यांच्याशी बोलणं टाकलं. नंतर तिच्याकडून निरोप नाही, काही नाही.

धुळ्याला जायच्या आधी एक दिवस रावेरला मावसभावाकडे गेले. सातपुडा धुक्यात बुडालेला, रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा, आणि वळणावळणावर घड भरत असलेले ट्रक. दुपारी बागेतच भरीत झालं. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करून त्यात हिरवी मोठी वांगी भाजली, लाकडी बडजीत (खोलगट भांड्यात) हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचली, वर कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची). तिकडे मी गॅसवर वांगी भाजून करते ते भरीत मी आता कुणाला वाढणार नाही. मावसभावाला मी सुमनअक्कांबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "साडी ने चांगली. बाईमाणूस आहे." त्याची बायको ताटात भाकरी वाढत होती. ती म्हणाली, "विधवा बाईला साडी बघून हसू येईल का? काय पण तुमचं."

धुळ्याची एसटी सकाळी निघाली. एरंडोल, पारोळा करत गाडी चालली होती. कंडक्टर तिकिटाचा पंच बोटांत खटखट वाजवत पुढे येत होता आणि कुणी तिकीट काढायला हयगय केली की तो आवाज जरा वाढत होता. पारोळ्याला गाडीचा पट्टा तुटला. सगळे उतरून शेंगा खात उन्हाला बसले. माझ्या शेजारच्या बाईने आपल्या सुनेची संपूर्ण तक्रार मला सांगितली आणि पट्टा बसल्यावर, "तुझं काही सांगितलं नाहीस," म्हणून मलाच बोल लावला.

धुळ्यात गाडी बदलून साक्रीच्या वाटेवरच्या त्या गावी पोचले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही, शरदच्या मावशीला, वच्छाबाईंना, ते आवडायचं नाही. गाव पांझरेच्या काठी आहे. नदीत पाण्याची बारीक धार, वाळूत टरबुजांचे वेल लावायची तयारी. गल्ली विचारावी लागली नाही. पारावरच्या एका आबांनी मला गाडीतून उतरताना पाहिलंच होतं. "कोनाकडे?" म्हणून विचारलं आणि स्वतः काठी टेकत दारापर्यंत आले.

वच्छाबाई अंगणात तुरी पाखडत होत्या. उंच, काटक, नऊवारी लुगडं, कपाळावर मोठं गोंदण. मी म्हटलं, "मी आफ्रिकेतून आले. सुमनअक्कांच्या शेजारी राहते."

सूप थांबलं नाही. "बठ," त्या म्हणाल्या. "पानी पी."

मी पाणी प्यायले. मग मीच म्हटलं, "अक्कांचे यजमान गेले."

"तार उनी व्हती." (तार आली होती.) तेवढंच. सूप चालूच होतं.

खरं सांगायचं तर तेव्हाच उठून परत जावं असं मला वाटलं. परक्या घरच्या अबोल्यात आपण कशाला पाय घालायचा? परतीची गाडी किती वाजता ते मी विचारलं. सूप बाजूला ठेवून त्या आत गेल्या आणि थोड्या वेळाने चुलीवर हरभऱ्याच्या डाळीचं आधण ठेवल्याचा आवाज आला. दार अर्धवट उघडून त्या म्हणाल्या, "पाहुणी जेवेलशिवाय जास का?"

त्यांनी मांडे केले. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: ही आपली पुरणपोळी, पण पोळपाटाची नव्हे. पीठ इतकं सैल असतं की ते हातावरून ओघळतं. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवत न्यायचा, तो कोपरापर्यंत पसरला की चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या मोठ्या खापरावर अलगद टाकायचा. वच्छाबाईंचे हात बघत मी चुलीशी बसले होते. मांडा त्यांच्या दंडाशी येऊन झुलत होता आणि कुठेही फाटत नव्हता. खापर आतून बाहेरून काळंभोर, वर्षानुवर्षं भाजून गुळगुळीत झालेलं.

"अक्का तिकडे मांडे करत नाहीत," मी उगाच म्हटलं.

वच्छाबाई पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलल्या. "तिले कोठे येस? तिना मांडा कव्हयच धड उतरना नही." (तिला कुठे येतं? तिचा मांडा कधीच धड उतरला नाही.) "बठ्ठा (सगळा) फाटे. मी म्हने, तू पुरण वाट, खापरले हात लावू नको. मंग ती रुसी जाये."

"मग?"

"मंग काय. फाटेल मांडा तीच खाये. हासत हासत खाये." आणि वच्छाबाईंनी पदराने तोंड पुसलं. चुलीचा धूर होता.

त्यानंतर त्यांचे प्रश्न सुरू झाले. तिथे थंडी असते का, ज्वारी मिळते का, सून बोलते का, चूल आहे का. "ती एकली बसस का दुपारले?" हे त्यांनी दोनदा विचारलं. मी जे होतं ते सांगितलं. बसतात. एकट्याच बसतात. बोलत नाहीत.

जेवण झालं. रस्सी (कटाची आमटी) आणि दूध घालून किती मांडे खाल्ले ते सांगायला नको. मी निघाले तेव्हा वच्छाबाईंनी चुलीवरचं खापर उतरवलं, राखेने घासलं, जुन्या लुगड्याच्या घड्यांमध्ये गुंडाळलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"हे तिले दे."

मी घाबरलेच. "अहो, विमानातून जायचंय मला. हे एवढं मोठं. आणि तुम्हाला?"

"माले कोनासाठे करनं शे आते?" त्या म्हणाल्या. मग गाठ आवळत, "तिले सांगजो, फाटना तरी चाली. तठे देखाले मी नही शे." (तिला सांग, फाटला तरी चालेल. तिथे बघायला मी नाही.)

या वेळी त्या एसटीपर्यंत आल्या. बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभ्या होत्या, पण माझ्याकडे नाही, मांडीवरच्या गाठोड्याकडे बघत.

परतीचा प्रवास त्या खापराचा झाला, मी नुसती सोबत होते. धुळ्याच्या स्टँडवर जळगावची गाडी गच्च भरलेली. कंडक्टरने गाठोडं बघून विचारलं, "काय आहे हे?" मी सांगितलं. "कुठं निघालं?" मी तेही सांगितलं. तो वळून मागच्या लोकांना म्हणाला, "पुढची जागा द्या हो बाईंना. मागं धक्के बसतात. खापर आफ्रिकेला चाललंय." सगळ्या गाडीत ती बातमी पसरली. एका आबांनी आपली घोंगडी खापराखाली ठेवायला दिली. एक बाई म्हणाली, तिच्या आईचं खापर तिने औरंगाबादला नेलं होतं, ते काही फुटलं नाही. दुसरी म्हणाली, तिचं फुटलं. यावरून दोघींची जुंपली ती एरंडोलपर्यंत.

पिंप्राळ्यात वहिनीने खापर बघितलं आणि कपाळाला हात लावला. सुधाकरने केळीच्या सोपटांत (खोडाच्या सालींत), मग उसाच्या पाचटात, मग दोन गोधड्यांत ते बांधलं आणि खोक्यावर चारी बाजूंनी 'काच' असं लिहिलं. खापर लिहिलं तर हमाल फेकेल, असं त्याचं म्हणणं. मुंबईच्या विमानतळावर कस्टमच्या एका साहेबांनी खोकं उघडायला लावलं. आतून गोधड्या, पाचट, सोपटं निघाली, शेवटी ते काळं भांडं. साहेबांनी ते हातात घेतलं, उलटं केलं, बोटाने वाजवून पाहिलं. "मांड्याचं?" ते म्हणाले. "माझी आजी चोपड्याची." त्यांनी स्वतः ते पुन्हा बांधून दिलं आणि पाठीमागची रांग तिष्ठत ठेवून गाठी दोनदा तपासल्या.

नैरोबीला खापर धड उतरलं. कारखान्याची जीप घ्यायला आली होती, ओटिएनो नावाचा आमचा जुना ड्रायव्हर. त्याला मी समजावून सांगितलं, तो सबंध वाट जपून चालवत होता. वसाहतीच्या अलीकडे, आमच्या घरांचे पत्रे दिसू लागले तेव्हा, उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली अचानक आडवी आली. ओटिएनोने ब्रेक मारला. खोकं सीटवरून खाली आलं. आवाज मोठा झाला नाही. आत काय झालं ते मला न उघडता कळलं.

"पोले साना, मामा," ओटिएनो म्हणाला. (फार वाईट झालं, बाई.) तो स्वतः रडवेला झाला होता.

मी घरी न जाता खोकं तसंच सुमनअक्कांकडे नेलं. उद्यावर ढकललं असतं तर माझी छाती झाली नसती. अक्का ओसरीत खुर्चीवर बसल्या होत्या. शरद आणि त्याची बायको बाहेर आले. मी गोधड्या सोडल्या, लुगड्याची गाठ सोडली. खापराचे तीन मोठे तुकडे आणि बराच चुरा. मी म्हटलं, "अक्का, वच्छाबाईंनी दिलं होतं. त्यांचं खापर. इथे दारात येऊन फुटलं."

अक्का खाली बसल्या. एक तुकडा उचलून त्यांनी त्यावरून हात फिरवला. दुसरा उचलला, पहिल्याला लावून बघितला. शरद म्हणाला, "जाऊ दे आई, दुसरं आणू." त्यांनी ऐकलं नाही.

"वच्छीनं खापर?" त्या म्हणाल्या. आवाज बसलेला होता, बऱ्याच दिवसांत न वापरल्यासारखा. "चुलीवरलं?"

"हो. म्हणाल्या, फाटला तरी चालेल. बघायला मी नाही."

अक्कांचे खांदे हलू लागले. आम्हाला वाटलं रडताहेत. सून पुढे झाली. पण अक्का हसत होत्या. आधी आवाज न करता, मग तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. "जलमभर माले हात लावू दिधा नही," त्यांनी सुनेला सांगितलं, "म्हने, तू फोडशी. तू फोडशी म्हने. आनि आते देखा." पुन्हा हसणं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेही त्या हसण्याबरोबरच पुसत होत्या. शरद भिंतीला टेकून उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

बाहेर राहणाऱ्या माणसांना कशाने हसू येतं, याचा मी या सबंध प्रवासात विचार करत होते. बिबड्या, कॅलेंडर, जुनी वर्तमानपत्रं, सगळं वाटून झालं. लोक खूश झाले, फिटरकाकांनी वर्तमानपत्रातल्या लग्नाच्या जाहिरातीसुद्धा वाचून काढल्या. ते हसू खरंच होतं, आणि त्या दिवसापुरतं होतं. अक्कांचं हसू वेगळ्या जातीचं होतं. वस्तू तर मोडलेली होती. पण ती वस्तू ज्या भांडणातली, ते भांडण अजून चालू आहे, आणि पलीकडच्या माणसाने आपली बाजू सोडलेली नाही, हे त्यांना इतक्या लांब कळलं होतं. माणूस परदेशात एकटा पडतो तो माणसं नसतात म्हणून नव्हे. सरक म्हणणारं, हात लावू नको म्हणणारं कुणी नसतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलांना शिकवायला निघाले, तर अक्का कुंपणाशी उभ्या होत्या. केस विंचरलेले, हातात सुपली. त्यांनी मला थांबवलं.

"विमल," त्या म्हणाल्या, "सरदूले मी सांगेल शे, तिकीट काढ. वच्छी आते मांडे कशावर करी? तिले नवं खापर लई देनं पडी." (शरदला मी सांगितलंय. वच्छी आता मांडे कशावर करेल? तिला नवं खापर घेऊन द्यावं लागेल.)

"आणि त्यावर तुम्ही मांडे करणार?"

"तिना देखत करसू," अक्का म्हणाल्या. "फाडी फाडी टाकसू." (तिच्या देखत करीन. फाडून फाडून टाकीन.) आणि सुपलीतले तांदूळ त्या तिथेच उभ्या उभ्या निवडू लागल्या.